मुकादम मागं वळून बघतो

हौसा, महिना झाला. पाव्हणे गेले, भाड्याच्या खुर्च्या गेल्या, आणि आपला तो निळ्या टोपीचा माणूस टीव्हीत अजून पुलाच्या अलीकडंच उभा आहे. तू जिथं सोडलास तिथंच. मी त्याला हलवला नाही.

परवा मंगल म्हणाली, "दादा, हा गेमचा डबा मी पुण्याला घेऊन जाऊ का? इथं धूळच खाणार. नाहीतर तुमच्यासाठी पहिल्यापासून चालू करून देते." मी तिच्यावर ओरडलो. लेकीवर एवढं कधी ओरडलो नव्हतो. तिला काय माहीत, पहिल्यापासून म्हणजे गेममध्ये तू लावलेले सगळे दिवे विझवायचे. मग मला वाईट वाटलं आणि मीच चहा करून दिला. साखर कमी टाकली. सवय.

तुझ्या डाव्या अंगावरनं वारं गेलं त्याला दोन वर्षं झाली. डॉक्टर म्हणाले, बोटं हलती ठेवा. मंगलनं तिचा जुना डबा आणून टीव्हीला जोडला आणि ते दोन खुंट्यांचं यंत्र तुझ्या हातात दिलं. डाव्या खुंटीनं माणूस चालतो, उजवीनं तो कुठं बघतो ते ठरतं, आणि उजव्या बोटाखाली बंदूक. तुझा उजवा हात चांगला होता. डावा अंगठा खुंटीवर रताळ्यासारखा पडून राहिला. तू ते यंत्र गादीवर फेकलंस आणि दोन दिवस त्याच्याकडं ढुंकून बघितलं नाहीस. तिसऱ्या दिवशी मी तुझ्या डाव्या बाजूला येऊन बसलो आणि खुंटीवर माझा अंगठा ठेवला. तू माझ्याकडं बघितलंस.

"तुमी चला," म्हणालीस, "मी बघते."

वीस हंगाम आपण ऊस तोडला, मी टोळीचा मुकादम. कोयता म्हणतात तो एका जोडप्यालाच. मी पुढं तोडत जायचो, तू मागं मोळ्या बांधायचीस. काम एक, पण तोंडं दोन दिशांना. एकाच वस्तूला दोघांनी हात लावून तास तास बसलो ते म्हातारपणी, ह्या प्लॅस्टिकच्या तुकड्यापायी.

पहिले पंधरा दिवस आपला माणूस नुसता भिंतीत घुसत होता.

"अवो, भित्तीत काय शिरताय? दार हिकडं हाय."

"मग दार दाखीव की आदी. तू बघशील तेवढंच मला दिसतंय."

"मी बघते व्हय हो, पन तुमी थांबाल तर ना! बैल चौखूर सुटल्यावानी पळताय."

ती दुसऱ्या कुठल्या तरी ग्रहावरची जमीन. पांढरट, जांभळट. मंगल कौतुकानं सांगत होती की हा लांबचा तारा आहे, इथं माणूस पोचलेला नाही. तू जमिनीकडं बघितलंस आणि म्हणालीस, "पानी लई दिलंय. खारवट झाली." आभाळात दोन चंद्र होते. त्यावरनं तू मंगलला फोन करून विचारलंस, हितं चतुर्थी धरली तर उपास कोनत्या चंद्रावर सोडायचा? मंगल फोनवर किती वेळ हसत होती. वारं गेल्यापासून तुझे शब्द जाड झाले होते, तू कुणाशी बोलायचीच नाहीस. त्या दिवशी मी आत जाऊन उगंच भांडी लावत बसलो. डोळे भरले होते, ते तुला दाखवायचे नव्हते.

वाटेत ठिकठिकाणी खांब होते. खांबाजवळ गेलं की तू बटण दाबायचीस आणि निळा दिवा लागायचा. लागलेला दिवा विझत नाही. मेलं तर माणूस शेवटच्या दिव्यापाशी परत उभा राहतो. दिवा लावायचीस तू आणि आकडा सांगायचो मी. "अकरा झालं." "सतरा झालं." तू म्हणायचीस, "मोजायचं सोडून दुसरं काय येतं का तुमाला?" मी हसायचो. मुकादमाला मोजायचीच सवय असते.

आणि ते शत्रू. सगळे एकसारखे. राखाडी चिलखत, तोंडावर काळी काच, हातात तसलीच बंदूक. दहा उभे केले तर एका आईचे वाटावेत. पण त्यांच्यात हुद्दे होते, आणि हुद्दा ओळखायला चुकलं की आपण मेलोच. हुद्द्यांची नावं इंग्रजी होती. तू म्हणालीस, "इंग्रजी कशाला? सगळी आपल्याच वळखीची हायत." बिनपट्टीचे ते गडी. दंडावर दोन पट्ट्या आणि हातात ढाल, तो कारखान्याचा शेतकी साहेब. राहिले दोन, आणि सगळा घोळ त्या दोघांत. दोघांनाही एकच पिवळी पट्टी. एकाच्या उजव्या दंडावर, एकाच्या डाव्या. एक चिटबॉय, फडात चिठ्ठ्या फाडत फिरतो तसला. दुसरा मुकादम.

चिटबॉय एका गोळीत पडतो, पण त्याला आधी पाडावा लागतो, नाहीतर शिट्टी मारून अख्खी फौज गोळा करतो. मुकादमाला चार गोळ्या लागतात, आणि पहिली बसल्याबरोबर त्याचे गडी चवताळून अंगावर येतात. चौथी बसेपर्यंत आपण टिकलो तर मात्र मुकादम पडतो आणि गडी बंदुका टाकून पांगतात.

मी पट्टी बघायचो. समोरच्याचा उजवा दंड माझ्या डाव्या हाताला येतो, हे माझ्या टाळक्यात कधी शिरलंच नाही. "चिटबॉय! हान!" मी ओरडायचो. तू हाणायचीस, आणि तो निघायचा मुकादम. आठ गडी अंगावर.

"डोळं हायत का बटनं?" तू म्हणायचीस. "समोर पाटावर बसल्याला मानूस उजव्या हातानं जेवतो, त्यो हात तुमाला कुटं दिसतो?"

"आगं, जेवताना मी ताटाकडं बघतो, दुसऱ्याच्या हाताकडं न्हाई."

"तेच तर. वीस हंगाम मुकादमकी केली आन मुकादम वळखंना."

मग तू माझं ऐकणंच सोडलंस. तू पट्टी बघतच नव्हतीस. तू चाल बघायचीस. चिटबॉय चालताना हातातल्या पाटीकडं बघत चालतो, मान खाली. मुकादम मान वर करून चालतो, आणि दहा-बारा पावलं झाली की मागं वळून बघतो. धुरात पट्टी दिसत नसली तरी तुला लांबून कळायचं. शेळ्या राखायचीस तेव्हा दोन काळ्या शेळ्या अंधुकात नुसत्या चालीवरनं ओळखायचीस, तसंच हे.

"गडी मागं हायत का न्हाई बघतंय बिचारं," तू म्हणालीस.

मला बरं वाटलं. म्हटलं, "माझ्यावरच गेलंय."

तू नुसती बंदूक भरलीस.

तेव्हापासून तू मुकादमाला मारायचं बंद केलंस. चिटबॉयला पाडायचीस, साहेबाला तर शिव्या देऊन पाडायचीस, पण मुकादम दिसला की बंदूक खाली. मंगल फोनवर समजावायची, "आई, त्याला मारल्याशिवाय लवकर पुढं जाता येत नाही." तू म्हणायचीस, "लवकर जाऊन कुटं जायाचंय मला? त्याला मारलं तर मागची कुटं जातील?" मी म्हणायचो, आगं शत्रू हायत ते. तू म्हणायचीस, असू दे.

असं करत तेवीस दिवे झाले आणि आपण पुलापाशी आलो. पुलाच्या तोंडाशी पाटी होती. मंगलनं वाचून सांगितलं, पुढं गेलात की मागं येता येत नाही, मागचा मुलूख बंद. पुलावर एक मुकादम आणि त्याचे आठ गडी. दुसरी वाट नाही. आठ दिवस आपण तिथंच मरत होतो, हौसा. दुपारी दोनला लाइट यायची, चारपर्यंत आपण मरायचो, मग मी चहा ठेवायचो.

मी म्हणत होतो, चार गोळ्या घाल आन मोकळी हो. तू म्हणत होतीस, "त्यो मागं बघंल तवा त्याच्या कडंनं निगून जायाचं."

"त्यो नुसता मान वळवतो. तेवढ्यात कसं व्हईल?"

"लई येळ बघतो त्यो. तुमीच पाय उचलंना."

खरं होतं. पाय माझे होते. तू "चला" म्हणायचीस आणि माझा अंगठा जागेवरच. माझा विश्वासच नव्हता की कुणी मुकादम एवढा वेळ मागं बघत राहील. आठव्या दिवशी पुन्हा मेलो तेव्हा तू यंत्र मांडीवर ठेवलंस आणि टीव्हीकडं बघतच म्हणालीस, "तुमी कदी मागं बगितलं न्हाई, म्हनून तुमाला त्यो दिसत न्हाई."

मी चिडलो. म्हटलं, वीस वरीस टोळी संबाळली, एक मानूस हरवू दिलं न्हाई, आन मागं बगितलं न्हाई म्हनतीस?

"कोयते मोजत हुता. मला बगत न्हवता."

आणि मग तू ते श्रीरामपूरकडच्या हंगामाचं काढलंस. छत्तीस वर्षांत एकदाही काढलं नव्हतंस.

मंगल पोटात होती, सातवा महिना. फडातनं कोप्यांकडं, आपल्या पाचटाच्या झोपड्यांकडं, यायची वाट पाटाच्या कडंनं. मी पुढं, माझ्यामागं दहा कोयत्यांची माणसं, आणि सगळ्यात मागं तू, डोक्यावर वाढ्यांचा, उसाच्या हिरव्या शेंड्यांचा भारा. मोरीपाशी तुझा पाय मुरगळला. तू खाली बसलीस. हाक मारली नाहीस. मी कोपीपाशी पोचून माणसं मोजली तेव्हा एक कमी भरलं. तेवढ्यात तू आलीस, लंगडत, भारा तसाच डोक्यावर. मी काय म्हणालो? "कुटं ऱ्हायलीस?" बस, एवढंच.

"येक डाव तरी वळला असतात," तू टीव्हीकडं बघत म्हणालीस.

मी म्हणालो, "बगत हुतो मी. तुला काय म्हाईत."

तू म्हणालीस, "बरं." आणि मी उठून चहा ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी तू गेलीस.

आता ऐक. खोटं बोललो मी. खरं काय ते तुला सांगायचं राहिलं, म्हणून हे लिहितोय. चौथीपर्यंत शिकलेल्या हाताला एवढं लिहायला पाच दिवस लागले.

मी बघितलं होतं, हौसा. एकदा बघितलं होतं, मोरीच्या अलीकडं. तू भाऱ्याखाली वाकली होतीस, एक हात पोटावर. मला दिसलं. आणि मी मान परत पुढं केली. कारण अजून एक क्षण बघितलं असतं तर मागं येऊन तो भारा मला घ्यावा लागला असता. दहा कोयत्यांची माणसं बघत होती. मुकादम बायकोचा भारा डोक्यावर घेतो म्हणून कोपीवर हंगामभर हसले असते. हसू नये म्हणून मी पुढं बघत चाललो. त्यानंतर मी कधी मागं बघितलंच नाही, कारण बघितलं तर पुन्हा तू दिसशील अशी भीती. कोपीवर पोचल्यावर मोजायचो. मोजणं सोपं असतं. मोजताना तोंड बघावं लागत नाही.

तू म्हणालीस मी बघितलं नाही. तू मला माझ्यापेक्षा बरा माणूस समजत होतीस.

हे मी त्याच दुपारी बोलायला हवं होतं. तू माझ्या उजव्या हाताला बसली होतीस, यंत्र दोघांच्या मध्ये. जीभ उचलली नाही. वाटलं, उद्या सांगू, खेळता खेळता. तोंडं दोघांची टीव्हीकडं असतात, तसं बोलायला सोपं जातं.

सकाळी मी चहा ठेवायला उठलो. तू खाटेवर बसली होतीस, पाठीला उशी. म्हणालीस, "साखर कमी." मी म्हणालो, "म्हाईत हाय." पाणी ठेवलं, आलं ठेचलं, दूध उतू जाईल म्हणून तिथंच उभा राहिलो. कप घेऊन आलो तर तू तशीच बसलेली आणि मान उशीवर. मला वाटलं, डुलकी लागली. मी कप खाली ठेवला आणि म्हणालो, "आगं, ऊठ, निवंल." दोनदा म्हणालो.

स्वयंपाकघरात जाताना दारातनं मी तुझ्याकडं मागं वळून बघितलं होतं का? रोज सकाळी चहा ठेवताना मी दारात थांबतो आणि आठवायला बघतो. आठवत नाही. कधी वाटतं बघितलं होतं, तू केस मागं सारत होतीस. कधी वाटतं ते मीच बनवलंय.

घरात आता तुझं सगळं जागच्या जागी आहे आणि काही जागेवर नाही. मी अजून खाटेच्या डाव्याच बाजूला बसतो. दोन वाजता लाइट येते, पंखा फिरायला लागतो, आणि माझा डावा अंगठा आपोआप हलतो. तुझ्या शिव्या ऐकू आल्या तर लई बरं वाटेल. बटणाचं डोळं म्हण, बैल म्हण, काहीही म्हण.

काल मंगलच्या जायच्या आदल्या दिवशी मीच तिला म्हणालो, "मंगे, लाव तो डबा."

तिनं माझ्याकडं बघितलं. "पुलावर?"

"तितंच."

तिनं चालू करून दिलं आणि विचारलं, "दादा, उजवी बाजू मी धरू का?" मी नको म्हणालो. यंत्र मांडीवर घेतलं. डावीकडं माझी खुंटी, खरबरीत. उजवीकडं तुझी. तिच्यावरची नक्षी तुझ्या अंगठ्यानं झिजून गुळगुळीत झाली आहे. दोन वर्षांत मी तिला हात लावला नव्हता. अंगठा ठेवला. थोडा वेळ नुसताच ठेवला.

आधी माणसानं आभाळाकडं बघितलं, मग जमिनीकडं, मग गरगर फिरला. मंगल हसायला लागली. चार वेळा मेलो. चारही वेळा तेविसाव्या दिव्यापाशी परत उभा राहिलो. तुझा शेवटचा दिवा.

पाचव्या वेळी मुकादम पुलावरनं चालत आला, त्याच्यामागं आठ गडी. पट्टी कुठल्या दंडावर होती मी बघितलंच नाही. चालीवरनं ओळखला. मान वर. दहा पावलं, अकरा, बारा, आणि तो वळला. हौसा, तो बघतो. खरंच लई वेळ बघतो. एकेका गड्याच्या तोंडाकडं बघतो, मग पुढं वळतो. माझं लक्ष आजवर नुसतं त्याच्या बंदुकीकडं होतं. तेवढ्या वेळात एक म्हातारा माणूस लंगडत सुद्धा निघून गेला असता. तू बरोबर होतीस. आठ दिवस तू बरोबर होतीस, आणि मी पाय उचलत नव्हतो.

उचलला. कठड्याला चिकटून त्यांच्या कडेनं गेलो. मुकादमाची पाठ हाताच्या अंतरावर होती. बंदुकीला बोट लावलं नाही. पूल अर्धा झाला, पाऊण झाला. पलीकडचा खांब दिसायला लागला, बिनदिव्याचा. मंगल उभी राहिली होती.

"चला दादा! चला, पोचलातच!"

मी डावा अंगठा सोडला आणि उजवी खुंटी मागं फिरवली.

दोन चंद्रांखाली ती खारवट जमीन, आणि तिच्यावरनं आपण आलो ती वाट. त्या वाटेवर तुझे निळे दिवे. जवळचा मोठा, मग लहान होत होत पार डोंगरापर्यंत. एकही विझला नव्हता. तू पुढं बघायचीस, मी तू बघशील तिकडं जायचो. मागचं हे सगळं असं दिसतं, ते मला माहीतच नव्हतं.

मी बघत राहिलो. गडी आले, गोळ्या बसल्या, पडदा लाल झाला. पुन्हा पुलाच्या अलीकडं.

"अहो दादा, थांबलात कशाला?" मंगल रडायला आली होती. "गेला होतात की पार!"

तिला काही सांगितलं नाही. डबा तिनं नेला नाही, इथंच ठेवला. तुला तेवढं सांगतो. दिवे मी मोजले नाहीत, हौसा. नुसते बघितले.